सही करण्याआधी एक रविवार

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. पुढे चहाचाही विषय निघणार आहे.

आमच्या सोसायटीला लागून एक कमर्शियल बिल्डिंग आहे. खाली मेडिकल, सलून, फर्निचरचं दुकान, आणि तिसऱ्या मजल्यावर मोठा हॉल. गेलं वर्ष-दीड वर्ष त्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी चर्च भरतं. 'भरतं' हाच शब्द बरोबर. घुमट नाही, घंटा नाही, दाराबाहेर साधा क्रूसही नाही. शनिवारी रात्री खुर्च्या लागतात, रविवारी दुपारी उचलल्या जातात. मध्ये दोन-अडीच तास ड्रम, गिटार आणि गाणी.

तीन आठवड्यांपूर्वी सोसायटीच्या ग्रुपवर एका पत्राचा मसुदा आला. पोलीस स्टेशन आणि महापालिकेला द्यायचं पत्र. मुद्दे पाच. एक, आवाज. दोन, आमच्या गेटसमोर गाड्या लागतात. तीन, अनोळखी लोकांची वर्दळ. चार, 'सदर ठिकाणी धर्मांतराचे प्रकार चालतात.' पाच, म्हणून हा कार्यक्रम कायमचा बंद करावा. खाली सही सेक्रेटरीची. सेक्रेटरी मी. सोसायटीत हे पद कोणालाच नको असतं, म्हणून ते माझ्याकडे आलं आहे.

मी ग्रुपवर एवढंच विचारलं, "चौथा मुद्दा कोणी पाहिलाय का? वर कोणी गेलंय?" उत्तरादाखल सहा अंगठे, एक 'जागो' आणि एक सुप्रभातचं गुलाबाचं फूल. वर गेलेलं कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सी विंगच्या काकू भेटल्या. मूळच्या श्रीरामपूरकडच्या, तीन पिढ्यांच्या मराठी ख्रिस्ती. आमच्या हळदीकुंकवाला येतात, गणपतीच्या वर्गणीची पावती न मागता फाडतात. त्याही त्याच ग्रुपवर आहेत हे मसुदा टाकणाऱ्याच्या लक्षातच आलं नसावं. मला म्हणाल्या, "दादा, सही करायची तर करा. पण एकदा वर येऊन बघा ना. मी असते तिथं."

या वाक्याने मी अडकलो, आणि पुढच्या रविवारी दहाला पाच कमी असताना तिसऱ्या मजल्यावर पोचलो.

वर काय होतं

दारात दोन मुलं हसून स्वागत करत होती. नाव विचारलं, "पहिल्यांदाच का?" विचारलं, पण ना फोन नंबर मागितला ना कुठे सही घेतली. आत दीडशेच्या आसपास माणसं. ईशान्येकडची शिकायला आलेली पोरं, मल्याळी नर्स, तमिळ कुटुंबं, गळ्यात आयटी कंपनीचं आयकार्ड तसंच राहिलेला एक जण, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त मराठी माणसं. लहान मुलांना बाजूच्या खोलीत शब्बाथशाळेला पाठवलं. हा मराठी शब्द काकूंचा. तिथली तरुण मुलं 'किड्स चर्च' म्हणत होती.

पहिली चाळीस मिनिटं नुसतं गाणं. पडद्यावर शब्द येतात, सगळे उभे राहून गातात. कोणी हात वर करतं, कोणी डोळे मिटून रडतं. मी शेवटून दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून उभा. सप्ताहात टाळकऱ्यांच्या मागे बूट हातात धरून उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखी माझी गत झाली होती.

मग सूचना झाल्या. दानाची पेटी फिरली, तिच्यावर क्यूआर कोड. पाहुण्यांनी दान देऊ नये, असं मुद्दाम सांगितलं. त्यानंतर पाळकांचा संदेश, म्हणजे प्रवचन. विषय होता बायबलमधला मळ्यातल्या मजुरांचा दाखला. सकाळपासून राबलेल्याला आणि संध्याकाळी तासभर आलेल्याला मालक सारखीच मजुरी देतो, आणि सकाळचे मजूर चिडतात. ऐन अप्रेझलच्या दिवसांत पाळकांनी हा विषय घेतला आणि निम्मा हॉल कसनुसा हसला. ज्याला दिवसभर कोणी कामावर घेतलंच नाही, त्या मजुराच्या घरातही तेवढीच तोंडं खायला असतात, असं ते म्हणाले. मार्केट यार्डाच्या परिसरात किंवा एखाद्या मजूर अड्ड्यावर सकाळी अकरापर्यंत काम न मिळता उभी राहिलेली माणसं ज्याने पाहिली आहेत, त्याला हे समजायला ख्रिस्ती असण्याची गरज नाही.

शेवटी प्रार्थना, आणि मग चहा-बिस्किटं.

हे 'बाहेरचं' आहे का?

ग्रुपवर एकाने लिहिलं होतं, "हे सगळं अमेरिकन फॅड आहे." अर्धं खरं आहे. गिटार-ड्रमची ही उपासना १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या हिप्पी पोरांमधून पुढे आली, आणि आज सिडनीत रचलेलं गाणं पुण्यात त्याच चालीवर गायलं जातं. पण उरलेलं अर्धं आपल्याच जिल्ह्यात आहे.

दौंड तालुक्यातलं केडगाव आपल्याला ठाऊक असतं. सोलापूर लाईनवरचं स्टेशन. तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुली आणि बायका तासन्‌तास मोठ्याने, रडत, हात उंचावून प्रार्थना करू लागल्या. जगभर पसरलेल्या पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास सांगताना बहुतेक जण लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटपासून सुरुवात करतात. ते साल १९०६. केडगाव त्याच्या एक वर्ष आधीचं. म्हणजे हात वर करून प्रार्थना करण्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या बाईला अमेरिकेची परवानगी लागली नव्हती. त्याच रमाबाईंनी पुढे अख्खं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणलं.

आणि 'नव्या पद्धतीची उपासना' ही तरी कुठे नवी? रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तेव्हा मराठी देवळांत (ख्रिस्ती लोकही चर्चला देऊळ म्हणत, अजून म्हणतात) इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेली गाणी असायची. टिळकांनी तिथे अभंग आणला, कीर्तन आणलं. त्या काळची ती 'कंटेम्पररी' उपासनाच होती, आणि तिची मुळं देहू-आळंदीत होती.

इथे मला त्या हॉलमधल्या मंडळींना एक बोलायचं आहे. अडीच तासांत मराठी गाणं एकही नाही. इंग्रजी चार, हिंदी दोन. चहाच्या वेळी काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "पोरांना मराठी गाणी जुनी वाटतात हो. मी घरी म्हणते." ज्या समाजाने फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणापासून, म्हणजे चारशे वर्षांपूर्वीपासून, मराठीत लिहिलं, ज्या समाजातून लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आलं, त्यांच्या पुण्यातल्या नातवंडांना मराठीत देवाशी बोलायचा संकोच वाटावा, याचं वाईट वाटतं. सगळ्या भाषांची माणसं एकत्र येतात म्हणून इंग्रजी, हे कारण मला कळतं. पण सहांत एक गाणं मराठी बसेल की.

जे मला खटकलं

सगळं गोड लिहिलं तर तुम्ही म्हणाल सेक्रेटरी बाटला. म्हणून खटकलेलंही लिहितो.

संदेशाआधी एका बाईंनी साक्ष दिली. साक्ष म्हणजे आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगणं. प्रार्थनेने त्यांची शुगर नॉर्मल झाली, असं त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या. माझ्या पोटात गोळा आला. माझ्या वडिलांनी एका महाराजांच्या अंगाऱ्यावर भरवसा ठेवून गोळ्या सोडल्या होत्या आणि त्यापायी पायाचं बोट गमावलं. नंतर मी पाळकांना बाजूला घेऊन हे सांगितलं. ते म्हणाले, "आम्ही कोणालाच औषध सोडायला सांगत नाही. त्यांची औषधंही चालू आहेत." मी म्हटलं, "मग हे स्टेजवरून सांगा. टाळ्या पडल्या तिथेच सांगा." त्यांनी मान डोलावली. बघू.

डॉ. दाभोलकरांचा खून याच शहरात झाला, २० ऑगस्ट २०१३ रोजी, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर. त्यानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. तो बाबाला, बुवाला, मौलवीला आणि पाळकाला सारखाच लागू आहे. ख्रिस्ती मंडळींनी तो स्वतःहून पाळला, तर शेजाऱ्यांचा अर्धा संशय तिथेच मिटेल.

आवाज आणि पार्किंगची तक्रारही खरी आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. मोबाईलवरच्या ॲपने आमच्या गॅलरीतून मोजलं तेव्हा ६० च्या पुढे आकडा गेला. ॲप काही पुरावा नव्हे, पण ए विंगमधल्या आजोबांना त्रास होतो हे कळायला ॲपची गरजही नाही. आमच्याच गणपतीच्या मिरवणुकीत आकडा कुठे जातो ते मी मोजलेलं नाही. मोजायची हिंमत नाही, हे जास्त खरं.

आता चौथा मुद्दा

धर्मांतर. सगळं घोडं इथेच अडतं, त्यामुळे गोलमोल बोलत नाही.

संदेशानंतर पाळक म्हणाले की ज्यांना येशूला आपला प्रभू म्हणून स्वीकारायचं आहे त्यांनी जागेवरच हात वर करावा, त्यांच्यासाठी प्रार्थना करू. एका मुलाने केला. हे निमंत्रण होतं यात शंका नाही. 'आम्ही नुसती प्रार्थना करतो, प्रचार करत नाही' असं जर कोणी ख्रिस्ती माणूस म्हणाला, तर ते पूर्ण खरं नाही. त्यांचा धर्म प्रसाराचा आहे आणि ते तसं उघडपणे मानतात.

पण निमंत्रण देणं गुन्हा आहे का? घटनेच्या २५ व्या कलमात धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचंही स्वातंत्र्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं की दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्या प्रसारात येत नाही, आणि बळजबरी, फसवणूक, आमिष यांविरुद्धचे कायदे वैध आहेत. म्हणजे रेघ स्पष्ट आहे. आपलं म्हणणं मांडता येतं. धाक, फसवणूक, लालूच चालत नाही. मी त्या हॉलमध्ये पहिली गोष्ट पाहिली, दुसरी पाहिली नाही. एका रविवारी सगळं दिसतं असा माझा दावा नाही. पण पत्र लिहिणाऱ्याने एकही रविवार पाहिलेला नाही.

"गरिबांना पैशाचं आमिष दाखवतात" हे वाक्य आपण फार सहज बोलतो. त्यातला एक हिशोब कोणी सांगत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो अजूनही नाही. म्हणजे कागदोपत्री ख्रिस्ती होणाऱ्या दलित मुलाच्या हातून अनुसूचित जातीचं आरक्षण जातं. आमिषच म्हणायचं तर ते मुख्यतः उलट्या दिशेने काम करतं.

आणि हे राज्य कोणतं आहे? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांबरोबर लाखो माणसांनी विचारपूर्वक धर्म बदलला, ते हे राज्य. धर्म बदलणारा माणूस म्हणजे फसलेला माणूस, असं आपण महाराष्ट्रात बसून सरसकट म्हणायला लागलो, तर दीक्षाभूमीकडे कोणत्या तोंडाने बघणार?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे एक टक्का होते. ब्रिटिश, पोर्तुगीज, मिशनरी शाळा, दवाखाने हे सगळं होऊन एक टक्का. या एक टक्क्याला आपण एवढं घाबरावं हे मला पटत नाही.

तरी मी धर्मांतराच्या काळजीला खुळेपणा म्हणणार नाही. १८९३ मध्ये रमाबाईंच्या शारदा सदनातल्या काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात रान पेटलं, तेव्हा मदत करणारे रानडे आणि भांडारकरही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ती माणसं कर्मठ नव्हती. आई-बापांनी विश्वासाने सोपवलेली लहान मुलगी, हा प्रश्न वेगळाच असतो. आपल्याला आजही तोच प्रश्न विचारता येतो. शब्बाथशाळेत बसणारं मूल आई-बापांच्या संमतीने बसलंय ना? मी विचारलं. प्रत्येक मुलासमोर पालकाचं नाव लिहिलेली वही दाखवली गेली. प्रश्न विचारायचाच असेल, तर तो असा विचारावा.

चहा

आता राहिलेला चहा.

ऑक्टोबर १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातली बडी मंडळी जमली. रानडे होते, लोकमान्य टिळक होते. मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी मान राखायला नुसता कप हातात धरला. मग गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि गावभर बोभाटा झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. रानड्यांसारख्या माणसाने १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. कप-बशीसाठी!

त्या पंचहौदाचं उंच घंटाघर आजही पेठेत उभं आहे. तिथून फार दूर नाही अशा नाना पेठेत सिटी चर्च आहे. त्याची जागा १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती सैनिकांसाठी दिली. पेशवाईत आपल्याच पदरच्या माणसांना प्रार्थनेला जागा देणारं हे शहर, आणि शंभर वर्षांनी चहाच्या घोटावरून खटले चालवणारंही हेच शहर. पुणेकर म्हणून दोन्ही वारसे आपल्याकडे आलेत. कोणता चालवायचा, ते आपण ठरवायचं.

मी त्या रविवारी चहा घेतला. साखर जास्त होती. ग्लुकोजची दोन बिस्किटंही खाल्ली. दीडशे माणसांच्या हॉलमध्ये कोणी मला बाटवलं नाही. एका मल्याळी आजोबांनी मात्र वीस मिनिटं पुण्याच्या ट्रॅफिकवर प्रवचन दिलं, ते सहन करावं लागलं.

मी काय केलं

त्या पत्रावर मी सही केली नाही.

दुसरं पत्र लिहिलं, ते थेट हॉल चालवणाऱ्यांना आणि पाळकांना. पोलिसांना नाही. त्यात तीन गोष्टी. गाण्याच्या वेळी आमच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा आणि ड्रमचा आवाज कमी करा. गेटसमोर एकही गाडी नको, एक स्वयंसेवक उभा करा. काही अडचण आली तर आधी एकमेकांना फोन. गेल्या रविवारी खिडक्या बंद होत्या. गेटवर फ्लोरोसंट जॅकेट घातलेला एक मुलगा उभा होता. आवाज कमी झालाय, अगदी गेलेला नाही. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "चालेल. पण ते दुसरं गाणं बरं नाही." म्हणजे आता ते ऐकायला लागलेत.

कमिटीत दोघं नाराज आहेत. एकाने सेक्रेटरी बदलायचा ठराव आणणार म्हणून सांगितलंय. खुशाल आणा, पद घ्यायला कोणी पुढे आलं तर मी पेढे वाटेन.

पण माझं म्हणणं एवढंच आहे. धर्मांतराचा विषय राज्यात तापलेला आहे आणि अशी पत्रं बऱ्याच सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत असतील. आवाजाची तक्रार आवाजाची म्हणून करा, पार्किंगची पार्किंगची म्हणून. बळजबरी किंवा पैशाचा व्यवहार खरोखर दिसला तर तारीख, वेळ, नावासकट लेखी द्या, आणि तेव्हा पहिली सही माझी घ्या. पण न पाहिलेली गोष्ट चौथा मुद्दा म्हणून चिकटवू नका. त्या एका ओळीमुळे रविवारी सकाळी दारात पोलीस येतात, आणि ती मान खाली घालून जिना उतरणारी बाई आपल्याच सी विंगमधली असते.

काकूंनी परवा लिफ्टमध्ये पुन्हा गाठलं. पुढच्या महिन्यात एक मराठी गाणं घेणार आहेत म्हणे. "तुम्ही बोललात ना पाळकांना, म्हणून. याल ना ऐकायला?"

म्हटलं, येतो. चहात साखर मात्र कमी टाका.

तुमच्या सोसायटीत असं काही चालू असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा. फक्त ऐकीव लिहू नका, पाहिलेलं लिहा. वेगळं मत असेल तरी चालेल, भाषा तेवढी जपा.